मांजराच्या तोंडातनं सोडवलेली खार: आज रात्री काय करू?

अनगोळकर (रविवार, संध्या. ७:२०)
तातडीचं आहे म्हणून पाल्हाळ लावत नाही. शेजारच्या बोक्यानं परसात पेरूखाली खार धरली होती. आईनं खराटा उगारला तशी टाकून पळाला. खार उठून झाडावर चढेल म्हटलं, तर कुशीवर पडून आहे. मोठी आहे, पिल्लू नव्हे. खांद्याजवळचे केस ओले झालेत, थेंबभर रक्त आहे. शेपटीच्या टोकाची कातडी निघालीय आणि मागचा एक पाय ओढालीय. जवळ गेलं की किरकिर करून दात दाखवालीय. आज रविवार, जनावरांचा दवाखाना बंद, ओळखीच्या डॉक्टरांचा फोन लागत नाही. शेजारच्या काकू वाटीत दूध घेऊन उभ्या आहेत. पाजू का? निदान पाणी तरी?

बुट्टीवाली (७:२६)
दूध नको. पाणीही नको. काकूंना दुधाचा चहा करायला सांगा, तुम्हालाच लागणार आहे.

आत्ता तिला तीनच गोष्टी हव्यात: ऊब, अंधार आणि शांतता. बुटाचं किंवा मिक्सरचं खोकं घ्या आणि आधीच बाजूनं पेनानं भोकं पाडा. खार आत गेल्यावर भोकं पाडत बसाल तर त्या आवाजानंच ती अर्धी मरेल. तळाला जुना बनियन किंवा टीशर्ट अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नखं अडकतात आणि पाय मुरगळतो.

उचलताना जाड पंचा चौघडी करून वरनं अलगद टाका. तिचं डोकं झाकलं गेलं की ती निम्मी शांत होते. मग पंचासकट दोन्ही ओंजळीत धरून खोक्यात ठेवा. शेपटीला हात लावू नका. खारीच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी निघून हातात येते, तुमच्या खारीचं टोक तसंच गेलेलं असणार. गाडी चालवायचे कातडी हातमोजे असतील तर घाला. खारीचे दात शेंग फोडतात, बोटाला सोडणार नाहीत.

प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, फडक्यात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच अंगाला ठेवा. अख्खा तळ गरम करू नका, जास्त झालं तर तिला सरकायला थंड जागा हवी. पाणी निवलं की बदला. गार बाटली उलट तिची ऊब ओढून घेते.

निपाणीचा_तंबाखू (७:३१)
पाणीसुद्धा नको म्हणजे काय? मे महिना आहे, तहानेनं जाईल की ती! आम्ही लहानपणी चिमण्यांना कापसानं पाणी पाजत होतो.

बुट्टीवाली (७:३८)
आणि किती चिमण्या जगल्या?

चेष्टा जाऊ दे. मार बसलेला जीव गार पडलेला असतो. गार पडलेल्या जिवाला नीट गिळता येत नाही आणि पोटही काम करत नाही. वरनं थेंब सोडला की तो श्वासनळीत जातो. रात्री "पाणी प्यायली बघा" म्हणून सगळे खूश, आणि उद्या-परवा न्यूमोनियानं खार गेलेली. लोक म्हणतात धसक्यानं मेली. अंग गरम झालं, डोकं उचलून बघायला लागली, की बाटलीच्या झाकणात पाणी ठेवा. प्यायची तर ती स्वतः पिईल. तोंडात काही ओतायचं नाही.

गुरांचा_डॉक्टर (७:५२)
मी पशुवैद्य आहे, गुरांचा म्हणा. खारी क्वचितच येतात, पण मांजरानं चावलेली जनावरं पुष्कळ बघितलीत.

बुट्टीवालींचे वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर. भर एवढीच घालतो की रक्त थेंबभर दिसतंय म्हणून जखम लहान समजू नका. मांजराचा सुळा सुईसारखा असतो. कातडीवरचं भोक मिटून जातं आणि तोंडातले जंतू आत मांसात राहतात. त्यातला पाश्चुरेला नावाचा जंतू लहान जनावराच्या रक्तात पसरला की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो. म्हणून मांजरानं नुसती तोंडात धरलेली खारसुद्धा प्रतिजैविकाशिवाय सोडायची नसते. झाडावर पळाली तरी.

आता कुणीतरी गोळीचं नाव विचारेल, म्हणून आधीच सांगतो: सांगणार नाही. मोठी खार साधारण १०० ग्रॅमची असते. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीचे शंभर तुकडे केले तरी एका तुकड्यात ५ मिलिग्रॅम औषध, म्हणजे तिच्या वजनाला किलोमागे ५० मिलिग्रॅम. आणि शंभर तुकडे कोण करणार? घरातली पॅरासिटामॉल, ब्रुफेन, उरलेली अँटिबायोटिक, काहीही नको. वजन करून, इंजेक्शन पातळ करून द्यायचं काम आहे ते. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी दारात उभे राहा.

रात्रीत तोंड उघडून श्वास घ्यायला लागली किंवा नाकातनं रक्त आलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका. कुत्र्यामांजरांचा जो खाजगी दवाखाना उघडा सापडेल तिथं न्या.

अनगोळकर (८:२५)
ठेवली खोक्यात. पंचा टाकल्यावर खरंच गप्प झाली. उचलताना वजनच लागलं नाही, रिकामा रुमाल धरल्यासारखं वाटलं. खोकं न्हाणीघरात ठेवून दार ओढून घेतलंय. भोकातनं बघितलं तर बाटलीला पोट लावून बसलीय, मिशा थरथरालेत. रक्त थांबलंय. आईचं म्हणणं जखमेवर हळद दाबूया.

निपाणीचा_तंबाखू (८:२८)
हळद चालते की! आमच्यात म्हशीच्या खुरालासुद्धा हळद-तेल लावतात.

गुरांचा_डॉक्टर (८:४०)
म्हैस आणि खार यांच्यात चार-पाचशे किलोचा फरक आहे, साहेब.

हळद केसांत गोळा होऊन बसते, मग जखम कुठं आणि किती खोल हे मला दिसत नाही. तेल लावलं तर केस अंगाला चिकटतात आणि ऊब टिकत नाही. डेटॉल, स्पिरिट तर लांबच ठेवा. रक्त वाहत असतं तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड दोन बोटांनी चार-पाच मिनिटं न उचलता दाबायला सांगितलं असतं. थांबलंय म्हणता, तर आज हात लावू नका.

धुवायचीच वेळ आली, म्हणजे माती गेलीय किंवा मुंग्या लागल्यात, तर अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात पोह्याचा नव्हे, चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ. तेच सलाइन. सिरिंजनं हळू धार सोडा, चोळू नका. जखमेच्या कडेला पांढरे तांदळाच्या कणीसारखे दाणे दिसले तर ती माशीची अंडी. ती चिमट्यानं आजच काढायची, उन्हाळ्यात सकाळपर्यंत आळ्या होतात. लंगड्या पायाला काडी बांधू नका. मोडलेल्या पायापेक्षा चुकीच्या बांधणीनं गेलेले पाय मी जास्त कापलेत.

बोकेवाली (८:५५)
सगळे मांजरांच्या नावानं शंख करालेत म्हणून लिहितेय. शिकार हा त्यांचा स्वभाव आहे. आमचा बोका पोटभर खाऊनसुद्धा पाली आणतो.

बुट्टीवाली (९:०२)
पोटभर खाऊन आणतो म्हणूनच तर बोलणं आहे. खारी पहाटे आणि दुपार कलताना जमिनीवर उतरतात. तेवढे दोन वेळ बोका घरात कोंडला तर त्याच्या स्वभावाला काय धक्का बसत नाही.

बोकेवाली (९:०५)
पहाटे कोंडला की दार ओरबाडतो हो! या एकदा झोपायला आमच्याकडं.

वडगावची_माय (९:१०)
अनगोळकर, कुणाला चावली का? रेबीजचं काय?

गुरांचा_डॉक्टर (९:२१)
चांगला प्रश्न. उंदीर-खारी अशा लहान कुरतडणाऱ्या जनावरांमध्ये रेबीज अगदी क्वचित सापडतो, त्यांच्यापासून माणसाला झाल्याचं ऐकिवात नाही. तरी चावली असेल तर वाहत्या नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा आणि सकाळी माणसांच्या डॉक्टरला दाखवा. मांजरानं धरलेली खार आहे हेही सांगा, पुढचं ते ठरवतील. आणि मांजर तुमच्यातल्या कुणाला ओरबाडलं असेल तर तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर. मांजराच्या चाव्या-ओरखड्याला थांबायचं नसतं.

खानापूरची_सून (९:४०)
वनखात्याला कळवलंत का? १९२६ हा कर्नाटक वनखात्याचा नंबर, महाराष्ट्रातही तोच आहे. आमच्या भागात सीमेवर फोन कधी इकडच्या टॉवरला लागतो, कधी तिकडच्या, म्हणून आधी "बेळगाव जिल्हा, कर्नाटक" हे स्पष्ट सांगा. पलीकडचा माणूस कन्नडच बोलणारा निघाला तर दोन वाक्यं पाठ करा: "अळिलिगे गाय आगिदे. बेक्कु कच्चिदे." (खारीला जखम झालीय. मांजर चावलंय.) झाडावरनं पडली असेल तर "मरदिंद बिद्दिदे." एवढ्यावर काम होतं, आम्ही हेच करतो.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूचीतला प्राणी ताब्यात आला की ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवायचं असतं. शेकरू तर अनुसूची एकमध्ये आहे. भीमगडच्या बाजूला किंवा दांडेलीकडं कुणाला जखमी शेकरू दिसलं तर हा धागा वाचून उचलायला जाऊ नका. ते दीड-दोन किलोचं जनावर आहे, मनगट फोडेल. लांबनं लक्ष ठेवा, कुत्री-माणसं हाकला आणि फोन करा. घरच्या अंगणातली पट्ट्यांची खारसुद्धा कळवून ठेवलेली बरी. उद्या कुणी "पाळलीय" म्हणून बोट दाखवायला नको.

निपाणीचा_तंबाखू (९:४८)
पाळली तर काय बिघडतं? लंगडीच आहे. पिंजऱ्यात दोन वेळ शेंगदाणे खाऊन सुखात राहील की.

बुट्टीवाली (९:५६)
नुसत्या शेंगदाण्यावर ठेवलेल्या खारींची हाडं कॅल्शियमवाचून इतकी ठिसूळ होतात की उडी मारताना पाय मोडतो. आणि मोठी पकडलेली खार माणसाळत नाही. ती घाबरून गप्प बसलेली असते, आणि आपण म्हणतो लळा लागला.

कारवारी_बांगडो (१०:३०)
अवांतर: पाठीवरच्या पट्ट्या रामाच्या बोटांच्या, हे आज्जी सांगायची. बेळगाव-कारवारकडं तीन पट्ट्यांची दिसते, उत्तरेत पाच पट्ट्यांची. म्हणजे तिकडं रामानं दोन बोटं जास्त फिरवली की काय?

बुट्टीवाली (१०:३४)
झोपा आता.

अनगोळकर (सोमवार, दुपारी १:१५)
रात्र काढली तिनं. पहाटे खोकं कुरतडल्याचा आवाज आला आणि आईनं देवाला हात जोडले. झाकणातलं पाणी कमी झालं होतं, काकडीच्या फोडीला दातांच्या बारीक खुणा होत्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी सराफाकडं असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलली. मग फडक्यात धरून मागच्या पायांची बोटं एकेक करून चिमटीत दाबली. दोन्ही पाय तिनं झटक्यानं ओढून घेतले. डॉक्टर म्हणाले, कणा शाबूत दिसतोय, याच्यावरच सगळं होतं. ओढत होती त्या पायाला मांडीत मार आहे. बांधायचं नाही, छोट्या पिंजऱ्यात ठेवून उड्या बंद. खांद्यावर केस बाजूला केल्यावर भोकं दिसली, मला तर काल एकच दिसलं होतं. इंजेक्शन दिलं, दुखण्याचंही दिलं. शेपटीचं उघडं टोक वाळून आपोआप गळेल म्हणाले, नाहीतर कापू.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. वरचा एक पुढचा दात अर्धा तुटलाय. दात परत येतो, पण तोवर समोरचा खालचा दात घासला जात नाही आणि वाढतच राहतो. लक्ष ठेवून कापावा लागणार. दात एवढे नारिंगी असतात हेही पहिल्यांदाच बघितलं, मला वाटलं रक्त लागलंय.

वनखात्याला कळवलंय. इंजेक्शनं संपेपर्यंत डॉक्टरांकडंच ठेवायला हरकत नाही म्हणाले.

गुरांचा_डॉक्टर (१:४०)
नारिंगी रंग मोठ्या खारीच्या दाताला असतोच. चांगलं केलंत. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार. बोटं चिमटून बघणं पुष्कळ जण विसरतात.

येळ्ळूरचा_गडी (मंगळवार, सकाळी ९:०५)
याच धाग्यात विचारतो, नवा काढत नाही. रात्री वळवानं आमच्या बांधावरचं शेवग्याचं झाड आडवं झालं. घरट्यातनं तीन पिल्लं पडलीत, उघडी गुलाबी, डोळे मिटलेले. गोणपाटावर घेतलीत. खार शेजारच्या आंब्यावरनं बोंबलालीय. माणसाचा वास लागला की आई टाकते म्हणतात, खरं काय? मी तर हातानं उचलली.

बुट्टीवाली (९:१२)
खोटं. आई बोंबलतीय म्हणजे निम्मं काम झालं. पिल्लांना आत्ता काही पाजू नका, हात धुऊन एकेकाच्या अंगावरच्या मुंग्या टिपा. रक्त, सूज, मांजराचा दात काही आहे का बघा. असेल ते पिल्लू डॉक्टरांकडं, आईकडं नव्हे.

धडधाकट असतील ती आधी तळहातात गरम करा. गार पिल्लू हलत नाही, ओरडत नाही, आणि आई पुष्कळदा त्याला मेलेलं समजून सोडते. मग लहान बुट्टीत, म्हणजे टोपलीत, मऊ फडकं, खाली कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, आणि घरट्याचाच जो कापूस-काथ्या पडलाय तो वर. बुट्टी आंब्याच्या बुंध्याला डोक्याच्या वर सुतळीनं बांधा. वरनं ऊन येणार नाही अशी, पण झाकण लावू नका. मग घरात जा. खिडकीतनं बघा. फोन घेऊन खाली उभं राहायचं नाही, पोरांना पाठवायचं नाही. कावळे बसले तर लांबनं हाकला. खार तोंडात धरून एकेक पिल्लू नेते, मध्ये बराच वेळ लावते. दिवस मावळेपर्यंत मुदत आहे. रात्री ती फिरत नाही, तेव्हा उरलेलं पिल्लू बाहेर ठेवू नका.

खानापूरची_सून (९:३०)
आणि पडलेलं झाड तोडायला आज कुणाला बोलावू नका. कुऱ्हाडीचा आवाज आला की ती फिरकणार नाही.

येळ्ळूरचा_गडी (संध्या. ६:५०)
दोन नेली! पहिलं नेताना तिनं त्याला तोंडात असं गोल वळवून धरलं की पिल्लाची शेपटी तिच्या मानेभोवती आली. भाऊ म्हणाला फास बसंल, पण तशीच सरसर वर गेली. तिसरं राहिलंय. आई बुट्टीपर्यंत आली, हुंगली आणि परत गेली. आता अंधार पडालाय. पिल्लू हलतंय. वनखात्याचा माणूस उद्या सकाळी येतो म्हणालाय.

गुरांचा_डॉक्टर (७:०५)
आत घ्या, आधी गरम करा. गरम झाल्यावरच पाजायचं, आणि पहिल्यांदा दूध नव्हे. मेडिकलमधलं ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा आणि कोमट करून १ मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजनं द्या. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. बाळासारखं उताणं धरायचं नाही. थेंब ओठाला लावा, ते चाटेल तेवढंच. नाकातनं बुडबुडा आला की थांबा, डोकं खाली करा, पुसा.

नंतर गाईचं-म्हशीचं दूध नको, हगवण लागते. कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, ती. एका वेळेचं प्रमाण वजनाच्या ५ टक्के. म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला १ मिली, त्याहून जास्त नाही. एवढ्या लहानाला दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा. आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: डोळे मिटलेल्या पिल्लाला स्वतःहून मुतता-हगता येत नाही, आई चाटून करवते. प्रत्येक पाजण्याच्या आधी-नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खाली हलकं टिचक्या दिल्यासारखं पुसायचं. ते केलं नाही तर पोट फुगून मरतं, कितीही चांगलं पाजलं तरी.

येळ्ळूरचा_गडी (७:१४)
ओआरएस आहे घरात, आईची साखर उतरते म्हणून ठेवलेलं. पावडर कुठं मिळंल आत्ता?

बोकेवाली (७:१८)
माझ्याकडं आहे. आमच्या कुत्रीच्या पिल्लांची उरलेली, तारीख बघितली, चालू आहे. मी शहापुरात. मुलाला गाडीवर पाठवते, नाक्यावर येऊन घ्या. डबा उघडलेला आहे, फ्रीजमध्येच ठेवा. लागंल तेवढीच कालवा, उरलेलं दूध दुसऱ्या वेळेला वापरू नका.

येळ्ळूरचा_गडी (७:२०)
निघालोच. पिल्लू बायकोच्या पदरात आहे, तिनं सिरिंज उकळायला ठेवलीय.